उलटी टीप

सुरुवात कबुलीनं. मागच्या अंकात या सदरासोबत डीएनएचं जे चित्र छापलं गेलं, त्यातला पीळ चुकीच्या बाजूचा होता. तीन वाचकांनी तो पकडला. मजकुराच्या बाजूला तोंड यावं म्हणून मांडणी करताना चित्र आरशातल्यासारखं फिरवलं गेलं होतं. पण छपाईआधी ते पान माझ्याकडे आलं होतं, मी चष्मा लावून पाहिलं होतं आणि ‘छान’ असा शेरा मारून परत पाठवलं होतं. तेव्हा दोष माझा.

पुढच्या वेळी मला पकडायचं असेल तर युक्ती सोपी आहे. चित्र उभं धरा. तुमच्या बाजूला आलेला पेड खालून वर जाताना डावीकडून उजवीकडे सरकत असेल तर पीळ बरोबर, साध्या स्क्रूसारखा. कागदाचं डोकं खाली केलंत तरी हे उत्तर बदलत नाही, आरशात धरलात तरच बदलतं. १९५३ साली डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या पानभर निबंधात आलेलं मूळ चित्र ओडिल क्रिक या चित्रकर्तीनं, म्हणजे क्रिक यांच्या पत्नीनं काढलं होतं. ते बरोबर होतं. त्यानंतर जगभरच्या मुखपृष्ठांवर आणि जाहिरातींत डीएनए किती वेळा उलटा पिळला गेलाय, याची मोजदाद करायला एखादा निवृत्त माणूस लागेल. (डाव्या पिळाचा डीएनए खरोखर असतो, त्याला झेड-डीएनए म्हणतात. पण आमचं चित्र त्याचं नव्हतं, उगाच पळवाट नको.)

आता पत्रं.

ताई, मी शिवणकाम करते. मुलीच्या पुस्तकात लिहिलंय की डीएनए चेनीसारखा उघडतो आणि दोन्ही बाजूंना नवे दात बसत जातात. पुढच्याच पानावर एक बाजू सलग आणि दुसरी तुकड्यातुकड्यांत दाखवलीय, त्या तुकड्यांना काहीतरी जपानी नाव आहे. यंत्र एकच, चेन एकच, मग एक बाजू अशी तुटक का?

तुमचा प्रश्न वाचून मी आधी त्या पुस्तकावर रागावले, मग स्वतःवर. शिकवायला लागले तेव्हा पहिली तीन-चार वर्षं मीही फळ्यावर चेनच काढायचे, आणि दोन्ही पट्ट्यांवरचे बाण एकाच दिशेनं. चेनीची उपमा एवढ्यापुरती खरी आहे की दोन बाजू एकमेकींत अडकतात आणि न फाटता सुटतात. पण तुम्ही चेन लावता तेव्हा दोन्ही पट्ट्यांचं वरचं टोक वरच असतं. डीएनएत तसं नसतं. तिथे एक पट्टी सुलटी आणि दुसरी वरचं खाली करून लावलेली असते.

पट्टीला वर-खाली असं काही असतंच कसं? डीएनएचा प्रत्येक पेड म्हणजे साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट अशी लांबच लांब माळ. या साखरेत पाच कार्बन असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. फॉस्फेट एका साखरेच्या तिसऱ्या कार्बनला धरतं आणि पुढच्या साखरेच्या पाचव्या. त्यामुळे माळेच्या एका टोकाला पाचवा कार्बन मोकळा राहतो, दुसऱ्या टोकाला तिसरा. पुस्तकात ‘पाच प्राइम’ आणि ‘तीन प्राइम’ म्हणून जे दिसतं ते हेच. प्रत्येक साखरेतून आतल्या बाजूला एक अक्षर निघालेलं असतं: ए, टी, जी किंवा सी. समोरच्या पेडावर ए-समोर टी आणि जी-समोर सी येतं. आणि समोरचा पेड उलट्या दिशेनं जातो.

नवा पेड विणणाऱ्या विकराचं (म्हणजे एन्झाइमचं) नाव डीएनए पॉलिमरेज. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५०च्या दशकात तो जिवाणूतून वेगळा काढला. त्याची एक सवय आहे, आणि ती त्यानं कुठल्याही जीवात सोडलेली नाही: तो नवं अक्षर नेहमी तीन-प्राइम टोकालाच जोडतो. म्हणजे नवा पेड एकाच दिशेनं वाढू शकतो. आता डीएनए उघडतोय असं डोळ्यांसमोर आणा. चिमटा आडवा धरल्यासारखी दोन पेडांची फट, आणि ती पुढे पुढे सरकतेय. एका पेडावर पॉलिमरेजची दिशा आणि फट सरकण्याची दिशा जुळते. तिथे तो मशीनवर टीप मारल्यासारखा सलग धावत सुटतो. दुसऱ्या पेडावर मात्र त्याला फटीकडे पाठ करून काम करावं लागतं. मग तो काय करतो? थोडी जागा उघडली की फटीपासून मागे विणत येतो, आधीच्या तुकड्याला भिडला की सोडतो, पुन्हा फटीपाशी जातो, पुन्हा मागे येतो.

हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही हातानं उलटी टीप घालता तेव्हा प्रत्येक टाका मागे जातो आणि शिवण मात्र पुढे सरकते. तेच हे.

आणखी एक भानगड आहे. पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवात करता येत नाही, आधी कोणीतरी धरायला टोक द्यावं लागतं. म्हणून दुसरा एक विकर येऊन दहाएक अक्षरांचा आरएनएचा (हा डीएनएचाच जवळचा नातेवाईक) छोटा तुकडा घालून देतो, त्याला प्रायमर म्हणतात. मी याला कच्चे टाके म्हणते. सलग बाजूला ते एकदाच लागतात, तुटक बाजूला दर तुकड्याला. नंतर हे कच्चे टाके उसवले जातात, तिथे पक्का डीएनए भरला जातो आणि उरलेली चीर लायगेज नावाचा विकर सांधतो. शिवण पुरी झाल्यावर कुठली बाजू सलग होती आणि कुठली तुकड्यांची, हे बघून ओळखता येत नाही.

ते जपानी नाव ओकाझाकी. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी हे नागोया विद्यापीठातलं जोडपं. त्यांनी वाढत्या जिवाणूंना किरणोत्सर्गी खूण केलेलं टी अक्षर अगदी थोडे सेकंद दिलं आणि लगेच काम थांबवलं. खूण सापडली ती हजार-दोन हजार अक्षरांच्या आखूड तुकड्यांत. थोडा जास्त वेळ दिल्यावर तीच खूण लांब पेडांत दिसली. म्हणजे आधी तुकडे बनतात, मग जोडले जातात. हे १९६८चं काम. आपल्या पेशींतले तुकडे याहून आखूड असतात, शंभर-दोनशे अक्षरांचे. रेजी ओकाझाकी लहानपणी हिरोशिमात होते. १९७५ साली रक्ताच्या कर्करोगानं ते गेले, वय ४४. पुढचं काम, त्या कच्च्या टाक्यांचा शोध धरून, त्सुनेको यांनी चालू ठेवलं. पुस्तकात बहुतेक वेळा एकच आडनाव छापलेलं असतं आणि मुलं ते एका माणसाचं समजतात. तुमच्या मुलीला सांगा, दोघं होती.

सर्वांत शेवटी शिवणीचं टोक. उलट्या टिपेच्या बाजूला अगदी कडेचे कच्चे टाके उसवले की तिथे भरायला मागून कोणी येत नाही, आणि पेड थोडा आखूड राहतो. १९७१ साली अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं हे नुसत्या विचारानं ओळखलं. मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनात उभं असताना, रुळांवरच्या गाडीकडे बघून त्याला ते सुचलं. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात. शिवणीला दाब ठेवतात ना, तशी. झिजायचं तर ते झिजतं, आतला मजकूर वाचतो.

बाई, चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलं. माझा अनुभव असा की नक्कल जितकी जलद, तितक्या चुका जास्त. पेशी एवढी अक्षरं उतरवते तर प्रुफं कोण वाचतं? आणि मुख्य म्हणजे, दोन पेडांत फरक सापडला तर मूळ प्रत कुठली हे कसं ठरवतात?

काका, तुमचा दुसरा प्रश्न मी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याकडून ऐकला नाही. त्याकडे येतेच.

आधी आकडे. माणसाच्या एका पेशीत आईकडचा आणि वडिलांकडचा असे दोन्ही संच धरून सुमारे ६४० कोटी अक्षरं असतात आणि ती उतरवायला साधारण आठ तास लागतात. पॉलिमरेज सेकंदाला पन्नासच्या आसपास अक्षरं लावतो. हा वेग जिवाणूंपेक्षा फार कमी आहे, तिथे हजाराच्या घरात जातो. आपलं सगळ्यात मोठं, एक नंबरचं गुणसूत्र २५ कोटी अक्षरांचं. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचायला जवळजवळ दोन महिने लागतील. म्हणून पेशी हजारो ठिकाणी एकदम कामाला सुरुवात करते. पुस्तकाचे फर्मे वेगवेगळ्या जुळाऱ्यांना वाटून द्यावेत, तसं.

पहिली पारख जुळणी करतानाच होते. ए-टी ही जोडी आणि जी-सी ही जोडी, दोन्हींची रुंदी सारखी असते. पॉलिमरेजच्या आतली खाच बरोबर त्या मापाची आहे, भलती जोडी तिथे नीट बसत नाही. नुसत्या या मापावर चुकीचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास येतं.

दुसरं वाचन तोच विकर करतो. चुकीचं अक्षर लागलं की पेडाचं टोक समोरच्या पेडाला नीट चिकटत नाही, फडफडतं. पुढचं अक्षर जोडणं रखडतं. तेवढ्या वेळात ते टोक विकराच्या दुसऱ्या खाचेत घसरतं, तिथे कात्री असते. शेवटचं अक्षर कापलं जातं, टोक परत जाग्यावर येतं आणि काम पुढे सुरू. यानं चुका आणखी सुमारे शंभरपटीनं घटतात.

आणि इथेच शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या प्रश्नाचा राहिलेला भाग सुटतो. मनात येतं की तुकड्यांची ही सगळी यातायात करण्यापेक्षा उलट्या दिशेनं चालणारा दुसरा एक पॉलिमरेज का नाही? कारण जोडणीला लागणारी ऊर्जा. येणारं प्रत्येक नवं अक्षर शेपटीला तीन फॉस्फेट घेऊन येतं, त्यातली दोन तुटतात आणि त्या जोरावर जोड बसतो. म्हणजे जोडायची ताकद नव्या अक्षराकडे असते, पेडाकडे नाही. त्यामुळे चुकलेलं अक्षर कापलं तरी बिघडत नाही, पुढचं अक्षर आपली ताकद घेऊनच येणार असतं. उलट्या दिशेनं वाढणाऱ्या पेडात ती तीन फॉस्फेटं पेडाच्याच टोकाला असली असती. चूक कापली की तीही गेली, आणि पेड तिथेच ठप्प. थोडक्यात, खोडता येईल अशा लिहिण्याला एकच दिशा परवडते. तुकडे, कच्चे टाके, झिजणारी टोकं हा सगळा पसारा त्यापायी. उत्क्रांतीचा हेतू कोणी विचारून आलेलं नाही, पण मला हे कारण पटतं, आणि बऱ्याच जीवरसायनतज्ज्ञांनाही.

आता मूळ प्रत. कॉपी करणारा यातूनही सुटलेली चूक मागे ठेवून निघून गेला, तर ए-समोर सी अशी विजोड जोडी राहते. कोणीतरी ती नंतर शोधतं. पण दुरुस्त काय करायचं, ए की सी? नाणेफेक केली तर निम्म्या वेळा चूक पक्की होईल.

ई. कोलाय या जिवाणूची सोय बघा. त्याच्या डीएनएत जिथे जिथे ‘जीएटीसी’ असा क्रम येतो, तिथल्या ए-वर एक विकर मिथाइलचा लहानसा ठिपका लावतो. पण तो नव्या पेडावर लगेच लावत नाही, थोडा उशीर होतो. तेवढ्या अवधीत जुन्या पेडावर ठिपके असतात आणि नवा कोरा असतो. शोधन करणारी प्रथिनं ठिपक्यांच्या बाजूला मूळ प्रत मानतात, कोऱ्या बाजूचा तुकडा कापतात आणि तो पुन्हा उतरवून घेतला जातो. शाई वाळली नसेल तर प्रत नवी, असा हा हिशेब. पॉल मॉड्रिच यांनी हे यंत्र उलगडलं. २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासोबत मिळालं. आपल्या पेशींत हे ठिपके नाहीत. तिथे नव्या पेडात अजून सांधायच्या राहिलेल्या चिरा ओळखीला उपयोगी पडतात. म्हणजे ज्या तुकड्यांना आपण मघाशी कटकट म्हटलं, त्यांच्या फटींवरूनच नवी प्रत ओळखता येते.

इतकं झाल्यावर उरतं ते शंभर कोटींत एखादी चूक, किंवा त्याहूनही कमी. पुढची नक्कल होण्याआधी ती सापडली नाही तर मात्र संपलं. मग पेशी मक्षिकास्थाने मक्षिका उतरवते, आणि तीच मूळ प्रत होते. प्रत्येक बाळात आई-वडिलांच्या कुणाच्याही डीएनएत नसलेले असे साधारण ६०-७० नवे बदल असतात. बहुतेकांचा काही परिणाम जाणवत नाही. शोधन करणाऱ्या प्रथिनांपैकीच एखाद्याचं जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

तुमच्या व्यवसायाला शोभेल असा एक किस्सा. १९५३च्या सुरुवातीला वॉटसन पुठ्ठ्याचे आकार कापून ही चार अक्षरं जुळवत बसले होते आणि काही केल्या जमत नव्हतं. त्यांच्याच खोलीत बसणारे जेरी डॉनह्यू हे रसायनशास्त्रज्ञ म्हणाले, तुम्ही ज्या पाठ्यपुस्तकातून जी आणि टी घेतलेत त्यातच ते चुकीच्या रूपात छापलेत, एक हायड्रोजन भलत्या जागी आहे. वॉटसननी नवे पुठ्ठे कापले, आणि फेब्रुवारी संपता संपता जोड्या बसल्या. गंमत अशी की ती ‘चुकीची’ रूपं अगदीच खोटी नाहीत. खऱ्या डीएनएतही एखादं अक्षर क्षणभर हायड्रोजन इकडचा तिकडे करतं. नेमक्या त्या क्षणी पॉलिमरेज समोर असेल तर तो फसतो.

रोझालिंड फ्रँकलिन यांना नोबेल का दिलं नाही? फोटो तर त्यांचाच होता.

हे पत्र मला दर वर्षी येतं. पारितोषिक १९६२ साली दिलं गेलं, वॉटसन, क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांना. फ्रँकलिन एप्रिल १९५८मध्ये, ३७व्या वर्षी, कर्करोगानं गेल्या होत्या, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. जिवंत असत्या तर मिळालं असतं का, यावर वाद घालायला मला वेळ नाही. पण फोटोपाशीच थांबू नका. ‘५१ क्रमांकाचा’ तो क्ष-किरण फोटो मे १९५२मध्ये त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यानं घेतला होता. फ्रँकलिन यांचं योगदान त्याहून मोठं आहे. १९५१च्या अखेरीस वॉटसन-क्रिक यांनी तीन पेडांचं, फॉस्फेट आत कोंबलेलं मॉडेल बनवलं. ते बघताच फ्रँकलिन यांनी सांगितलं की फॉस्फेट बाहेरच असणार, पाण्याकडे. आणि त्यांच्या स्फटिकाच्या मोजमापांवरूनच क्रिकना कळलं की दोन पेड उलट्या दिशांनी जातात. ती मोजमापं एका अहवालातून त्यांच्या हाती आली, फ्रँकलिन यांना न विचारता. वर ताईंना जे सगळं लिहिलं, त्याचा पाया ते एक मोजमाप आहे.

आजी, मी सातवीत आहे. डीएनए दोन मीटर लांब असतो आणि पिळलेला असतो. तो उघडताना गुंता होत नाही का? माझ्या हेडफोनच्या वायरचा रोज होतो.

होतो, बाळा! आणि तुझ्यासारखीच शंका मॅक्स डेलब्रुक या फार मोठ्या शास्त्रज्ञाला आली होती. १९५४ साली त्यांनी लिहिलं की एवढे पीळ सोडवणं अशक्य दिसतं, तेव्हा पेड बहुधा जागोजागी तुटत आणि जोडले जात असावेत, आणि जुनं-नवं सगळं मिसळत असावं.

ते तपासायला मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी एक सुंदर प्रयोग केला. जिवाणूंना बऱ्याच पिढ्या जड नायट्रोजन खायला घातला, म्हणजे त्यांचा डीएनए जड झाला. मग एकदम साधा, हलका नायट्रोजन दिला. जिवाणूंची एक पिढी झाली की डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात तासन् तास गरगर फिरवला. जड डीएनए खाली थांबतो, हलका वर. मिळाला एकच पट्टा, बरोबर मध्ये. दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे, एक मध्ये आणि एक हलक्याच्या जागी. पेड तुटून मिसळत असते तर दुसऱ्या वेळीही एकच पट्टा आला असता, थोडा वर सरकलेला. म्हणजे जुने पेड शाबूत राहतात आणि प्रत्येक नव्या डीएनएत एक जुना, एक नवा असतो. १९५८ साली हे छापून आलं.

मग गुंत्याचं काय? दर साडेदहा अक्षरांना एक पीळ असतो. जिवाणूत सेकंदाला हजार अक्षरं उघडली जातात, म्हणजे दर सेकंदाला शंभराच्या आसपास पीळ सुटायला हवेत. पंख्याहून जोरात! ते पुढच्या बाजूला साचत जातात. यावर १९७१मध्ये जेम्स वांग यांना एक विकर सापडला. अशा विकरांना टोपोआयसोमरेज म्हणतात. ते पेड कापतात, पीळ निघून जाऊ देतात आणि पुन्हा जोडतात, आणि कापलेली टोकं तेवढा वेळ स्वतः घट्ट धरून ठेवतात. काही तर दोन्ही पेड कापून त्या फटीतून दुसरा डीएनए आरपार काढतात, जादूगाराच्या कड्यांसारखा. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं औषध जिवाणूंच्या याच विकराला अडवतं.

आता तू एक कर. हातभर लांबीच्या दोन रंगांच्या सुतळ्या घे आणि एकमेकींवर वीस पीळ दे. एक टोक दाराच्या कडीला घट्ट बांध. दुसऱ्या टोकाकडून दोन सुतळ्या दोन हातांत धरून सावकाश वेगळ्या ओढत जा, कडीकडचं टोक अजिबात फिरू द्यायचं नाही. वर्गात मी हे करायचे तेव्हा माझी सुतळी बाराव्या-तेराव्या पिळाला अडायची आणि पुढे मुटका व्हायचा. तुझी कितव्याला अडते ते मोज. मग गुंता झालेल्या जागी एकच सुतळी कात्रीनं काप, टोकं सोडू नकोस, आणि काय होतं ते मला लिहून पाठव.